फुलाच्या मधला तीळ

"घाई कायची आहे? बस ना गा."

मावशीच्या अंगणातून निघू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. नुसतं म्हणून ती थांबायची नाही, मनगट धरायची आणि बोलत राहायची. तुमच्याही गल्लीत अशी एक असेलच. तिच्या दारावरून जाताना आपण सायकलचा वेग वाढवतो आणि उगाच घड्याळात पाहतो.

आमची गल्ली भंडाऱ्यातल्या विणकरांची. मावशीने जन्मभर कोसा रेशमाच्या धाग्याच्या कांड्या भरल्या, नेसली मात्र सुतीच. नवरा जाऊन फार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीणही गेली होती. तिचा मुलगा साकोलीला असायचा, हायवेवर त्याचं टायरचं दुकान. तो मावशी म्हणायचा म्हणून सारी गल्ली मावशी म्हणायची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला याचा राग तिने कितीतरी वर्षं धरला. "चांगलं एकत्र होतं, वेगळं काहून केलं?" असं ती मला विचारायची, जणू त्या वाटणीवर सही माझीच होती.

मी बसस्थानकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होतो. रक्त काढायचं, नमुने पुढे पाठवायचे, रिपोर्ट द्यायचे. मावशी शुगर तपासायला आली, मी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि हातावरचं गोंदणाचं फूल पहिल्यांदा जवळून पाहिलं. लहानपणी तिथे एक तीळ होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गोंदणारी आली तेव्हा तिच्या आईने तो तीळ मधोमध धरून भोवती पाकळ्या काढून घेतल्या. मधलं टिंब देवाने फुकटात दिलं, तेवढ्याच सुया वाचल्या, असं मावशी हसत सांगायची.

आता ते टिंब पाकळ्यांच्या बाहेर पसरलं होतं. कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. मला काही ते बरं दिसेना, म्हणून मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, यातलं गोंदणाचं काळं कोणतं आणि अंगाचं काळं कोणतं तेच कळत नाही. त्यांनी लहानसा तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखालीही नक्की होईना. साधा तीळ म्हणावा तर पेशी जरा बिघडलेल्या, कॅन्सर म्हणावा तर तेवढ्या नाहीत. शेवटी मेणात बसवलेला तो तुकडा मुंबईला पाठवायचं ठरलं. तिथे पेशींच्या आतली जनुकं तपासतात. दिसायला सारखे असले तरी तीळ कोणता आणि कॅन्सर कोणता, ते त्यावरून बरंचसं कळतं.

हे मी तिला माझ्या परीने समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे धागा जाळून पाहतात तसं. केस जळल्यावानी वास आला त कोसा, नाई त नकली." मी म्हटलं, तसंच समज.

रिपोर्टला काही आठवडे लागणार होते. तेवढ्यात बातमी गल्लीभर झाली. रोगाचं नाव कोणी घेत नसे, सारे नुसतं 'ते' म्हणायचे. आणि 'ते' असू शकतं एवढ्यावर मावशीकडे माणसांची रीघ लागली. दारावरून पळणारेच बिस्किटांचे पुडे घेऊन येऊ लागले. कारध्याची नणंद, जिच्याशी तिचा अबोला होता, नदी ओलांडून डब्यात वांग्याची भाजी घेऊन आली. मावशी दुपारपासूनच चटई झटकून ठेवायची. आलेले पुडे ती आलेल्यांनाच देऊन टाकायची, त्यामुळे एकच पुडा दोनदा भेटीला येऊन गेल्याची मला दाट शंका आहे. तिचा चेहरा इतका खुलला होता की आजारी कोण आहे, असा नवख्याला प्रश्न पडावा.

भाचाही आला, सफरचंदं घेऊन. मनाने चांगला, पण दुकानातून त्याचं निघणं होत नसे. माझ्यासमोरच तो तिला म्हणाला, "मावशी, तसं काई निघालं त तुले इथं ठेवत नाई. साकोलीले घेऊन जातो. सून आहे, पोट्टे आहेत, तुले एकटं वाटणार नाई."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खाटेखाली एक पिशवी भरून ठेवलेली. लुगडी, फणी, देवाची तसबीर. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तयारी असलेली बरी.

रिपोर्ट आला का म्हणून सारे मला रस्त्यात अडवायचे. ती एकटीच कधी विचारत नव्हती.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, तीळच आहे, घातक काही नाही, अधूनमधून दाखवत राहा. मी सायकल हाणत गल्लीत आलो. मावशीच्या अंगणात बायका जमलेल्याच होत्या. ऐकून साऱ्यांना खरंच आनंद झाला. कोणी हात जोडले, कोणी घरून साखर आणली. भाच्याला फोन लावला, तर त्याने एवढा मोठा श्वास सोडला की मला इकडे ऐकू आला. देव पावला म्हणाला, सवड काढून येतो म्हणाला. मग बायका उठल्या. स्वयंपाकाची वेळ झाली होती आणि आता थांबायला कारणही नव्हतं.

मी मागे राहिलो. मावशीने खाटेखालची पिशवी ओढली आणि एकेक लुगडं काढून पेटीत ठेवायला लागली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. शेवटचं लुगडं मांडीवर घेऊन, माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "ते मुंबईवाले आणखी एकडाव तपासत नाईत का गा? चुकत असन त्यायचं कधी."

"नाई मावशी," मी म्हटलं, "पक्कं आहे."

लॅबमध्ये घाबरलेल्या माणसाला मी हेच सांगतो आणि त्याच्या जिवात जीव येतो. तिने लुगडं पेटीत ठेवलं आणि झाकण लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं, आणि चांगल्या बातमीचं वाईट वाटतंय म्हणून स्वतःचाच रागही आला.

त्यानंतर मी जात राहिलो, पण मी एकटा किती पुरणार? चटई भिंतीला टेकून उभी असायची. नणंदेचा अबोला पुन्हा सुरू झाला, यावेळी भांडण न होताच.

पुढच्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत मावशी गेली. कॅन्सरने नाही, तापाने. संध्याकाळी अंग गरम झालं आणि सकाळी शेजारणीने हाक मारली तर उठली नाही. भाचा आला तो ओसरीवरच बसला आणि मनापासून रडला.

"आजारी आहे हे मालूम असतं त तसाच निघून आलो असतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गल्लीतले सारेच तसं म्हणत होते. आणि सारे खरंच आले असते.