तीस दिवस

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की कोलशेतची आमची चाळ आठवते. सात घरं पाडायची नोटीस आलेली. मी चौथी शिकलेली, पण चाळीत कुठलाही कागद आला की वाचायला माझ्याकडेच आणत. कायद्याचं सरकारी मराठी पुस्तक मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं: नोटीस हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील. पुराव्याचे कागद गावाला होते. आणायला वेळ आहे, असं मी ठासून सांगितलं. इंग्रजी पुस्तक बघावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी त्या कागदांच्या गरम झेरॉक्स घेऊन आम्ही सगळ्या ठाण्याला कचेरीत गेलो. साहेबाने इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात तीस दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून होते, आणि नोटीस आम्हाला दहा दिवस उशिरा मिळालेली. "आजी, दोन्हींत फरक असला तर इंग्रजीच धरतात. तसा कायदा आहे." मी म्हटलं, "मग मराठीत छापता कशाला?" "तुम्हाला समजावं म्हणून." मी त्याचे पाय धरले. त्याने ते खुर्चीखाली ओढून घेतले. बाहेर आल्यावर शेजारीण म्हणाली, "अगं, तू वाचलंस म्हणून आम्ही थांबलो ना!" आठवड्यात सातही घरं पडली. आता मी वर्तकनगरला लेकीकडे असते. कुणी कागद वाचायला आणला की चष्मा सापडत नाही म्हणते, तो नाकावर असला तरी.