बंद कारखान्यातली हजेरी

बेकारी भत्त्याच्या कार्यालयात बसायला खुर्च्या होत्या, पण मिस्त्री त्यांवर फार वेळ टिकत नसत. बसले की पाय हलायला लागे. पाय आवरला की बोटे खुर्चीच्या दांडीवर ताल धरत. शेजारचा माणूस त्रासून पाहू लागला की ते उठून नळाशी जात, तहान नसताना पाणी पीत, आणि परत येईपर्यंत खुर्ची दुसऱ्या कोणी पटकावलेली असे. त्या दिवशी तर त्यांनी एका खुर्चीचा ढिला स्क्रू खिशातल्या नाण्याने आवळला. मग शेजारच्या खुर्चीचा. तिसऱ्या खुर्चीकडे वळले तेव्हा तिच्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो काका, मी बसलेय यावर."

बर्फाच्या कारखान्यात काँप्रेसर चालवण्यात मिस्त्रींची उमेदीची सगळी वर्षे गेली होती. यंत्राच्या आवाजावरून त्यांना त्याची तब्येत कळे. पण आता हॉटेलवाले आपला बर्फ आपणच करू लागले, विजेचे बिल शेठला झेपेना, आणि एके दिवशी शेठने सगळ्यांना बोलावून हात जोडले. कारखाना बंद झाला. पगारातून दरमहा जी वर्गणी कापली जायची ती अशाच दिवसांसाठी, म्हणून मिस्त्रींनी भत्त्यासाठी अर्ज केला. बरोबरच्या कामगारांचा भत्ता सुरू झालासुद्धा. मिस्त्रींच्या अर्जापुढे मात्र 'प्रक्रियेत आहे' एवढेच येत राहिले. फोन लावला की आधी संगीत वाजे, मग एक गोड आवाज तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे असे सांगे, आणि मग फोन कट होई.

घरी बायकोचे शिवणकाम होते. तेवढ्यावर दोघांचे पोट भरत होते, पण घरभाडे निघत नव्हते. मिस्त्रींच्या धाकट्या भावाने ही गोष्ट बरोबर हेरली होती. रोज संध्याकाळी त्याचा फोन येई.

"दादा, या की सरळ इकडे. गच्चीवरची खोली रिकामीच पडलीय. वहिनींना स्वयंपाकघरात हिचा आधार होईल."

"तिचा आधार मला की माझा आधार तिला?" फोन ठेवल्यावर बायको म्हणे. "जावेच्या हाताखाली या वयात मी भांडी विसळणार नाही. तेवढं तुमच्या त्या भत्त्याचं बघा."

म्हणजे प्रश्न भत्त्याचा होता तसाच स्वतःच्या दाराला स्वतःचे कुलूप लावण्याचाही होता. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता तो त्यापायी.

शेवटी नंबर पुकारला गेला. खिडकीतल्या मॅडमनी अर्ज उघडला, चष्मा वर केला, खाली केला.

"तुम्ही नोकरीवर आहात ना?"

"नाही हो. कारखाना बंद पडलाय."

"पण तुम्ही हजर आहात."

"कुठे?"

"कामावर. काल हजर, परवा हजर. रविवार सोडून रोज." मॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. "सकाळी आत गेल्याची नोंद, थोड्या वेळाने बाहेर आल्याची. कारखान्याच्या अंगठ्याच्या मशीनवरून आपोआप येते आमच्याकडे. कामावर असलेल्या माणसाला बेकारी भत्ता कसा देणार?"

मिस्त्रींनी आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिले. कोणी त्यांच्या देखत चोरी करावी आणि चोर घरातलाच निघावा, तसा तो अंगठा त्यांना दिसला.

"महिनाअखेरपर्यंत खुलासा आणा," मॅडम म्हणाल्या. "नाही आला तर अर्ज फेटाळला जाईल. मग माझ्या हातात काही नाही."

झाले होते ते असे. काँप्रेसरमधला गॅस काढून घेतला होता, पण यंत्र जागच्या जागी उभेच होते. अवजड चाकाचे यंत्र एकाच जागी टेकून राहिले की त्याचा भार बेअरिंगच्या त्याच त्या जागेवर पडतो, तिथे खळगे पडतात, आणि पुढे चालू केले की ते यंत्र म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखे कुरकुरू लागते. मिस्त्रींना घरी बसून हे सहन होईना. म्हणून ते सकाळी कारखान्यात जात, चाक हाताने थोडे फिरवत, तेलाकडे नजर टाकत आणि परत येत. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देत नव्हते. फाटकातून आत शिरताना मात्र अंगठा आपसूक मशीनवर जाई, जशा उंबऱ्याशी चपला आपोआप पायातून सुटतात. रखवालदाराची हजेरी अजून लागत असल्यामुळे ते मशीन चालूच होते.

मिस्त्री तडक रखवालदाराकडे गेले. दोघांची जुनी ओळख.

"तुला दिसत होतं ना रे मी अंगठा लावतोय ते?"

"दिसत होतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तेवढंच बरं वाटत असेल तुम्हाला." रखवालदाराने डोके खाजवले. "एक करू. मशीन बिघडलंय म्हणून सांगू. नाहीतर सांगतो, तुमच्या नावावर मीच काहीतरी घोळ केला."

"म्हणजे माझ्याबरोबर तूही घरी बसशील. गप बस."

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. शिलाई मशीनवरचा पाय थांबवून ती म्हणाली, "माझ्या भाच्याच्या लग्नाला सुट्टी मिळाली नाही तुम्हाला. माझं ऑपरेशन झालं तेव्हा संध्याकाळी आलात. आणि आता फुकटात हजेरी लावताय? कोणाला दाखवायला?"

"दाखवायला नाही गं. हात गेला."

"हात जातोच तुमचा. माझं मशीन महिनाभर खडखडतंय, तिथे नाही गेला."

मिस्त्री उठले आणि तिच्या मशीनला तेल घातले. मग दार उघडून बाहेर गेले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा गेले. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली तेव्हा कुठे ताटावर बसले.

दुसऱ्या दिवशी शेठचे घर गाठले. शेठ वाईट माणूस नव्हता, पण सध्या त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. यंत्राला गिऱ्हाईक येणार होते.

"मिस्त्री, चाक फिरवत होता ते फार चांगलं केलंत. मी गिऱ्हाइकाला तेच सांगितलंय, आमचा माणूस रोज बघतो म्हणून."

"शेठ, तोच तर घोटाळा झालाय. मी तुमचा माणूस नाही, असं लिहून द्या."

"देतो ना. सौदा होऊ दे. आत्ता कागदावर लिहिलं की कामाला कोणी नाही, आणि ते त्याच्या कानावर गेलं, तर तो भाव पाडेल. थोडं थांबा."

"महिनाअखेर आली, शेठ."

"थोडं थांबा म्हणतोय ना! तुम्हाला नाही म्हटलंय का मी कधी?"

मिस्त्री थांबले. थांबणे म्हणजे काय हे ते कधी शिकले नव्हते. फोन वाजला की झडप घालत, आणि फोन धाकट्या भावाचा निघे. गच्चीवरच्या खोलीला त्याने रंग दिला होता. शेठचे गिऱ्हाईक आज येणार, उद्या येणार असे चालले होते. आणि मिस्त्री सकाळी अंगठा खिशात कोंबून फाटकातून आत जातच होते, कारण चाक तर फिरायलाच हवे होते.

महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी बायको शिवणकाम बाजूला ठेवून उठली. "चला. मी येते बरोबर. शेठ देईल तेव्हा देईल, आपण खरं ते सांगू."

खिडकीशी मिस्त्रींनी खरे ते सांगितले. चाक, भार, बेअरिंग, खळगे. मॅडमनी मान डोलावली, पण त्यांना कळले असे दिसले नाही. त्यांनी मागच्या केबिनमधून साहेबांना बोलावले. साहेबांनी पहिल्यापासून ऐकले.

"पगार मिळत होता?"

"नाही साहेब. पासबुक आणलंय, बघा."

"कोणी बोलावलं होतं?"

"नाही."

"मग जात कशाला होता?"

मिस्त्री पुन्हा चाकापासून सुरुवात करणार, तोच बायको म्हणाली, "साहेब, त्यांना घरी बसता येत नाही. एवढंच आहे ते. तुम्ही हवं तर त्यांना इथे तासभर बसवून बघा."

मॅडमना हसू आले. साहेबांना आले नाही, पण त्यांनी पासबुक चाळले आणि मॅडमना काहीतरी सांगून परत गेले. मॅडमनी एक छापील कागद पुढे सरकवला.

"साहेब अर्ज पुढे पाठवताहेत. पण हे हमीपत्र द्यावं लागेल. आजपासून कारखान्याच्या आवारात पाऊल टाकणार नाही. पुन्हा गेलात आणि तपासात दिसलं, तर भत्ता बंद आणि घेतलेला वसूल."

मिस्त्रींनी पेन घेतले. पेन कागदावर टेकेना.

"मॅडम, आठवड्यातून एकदाच गेलो तर? अंगठा न लावता?"

"हे मी ऐकलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"गिऱ्हाईक येईपर्यंतच. जरासं फिरवायचं असतं हो, फार नाही."

मागची रांग चुळबुळू लागली. कोणीतरी म्हणाले, "काका, आवरा." मिस्त्रींनी बायकोकडे पाहिले. तिने पदराने कपाळ पुसले. रागाने बोलली असती तर बरे झाले असते, पण ती हळूच म्हणाली, "माझ्यासाठी करा."

मिस्त्रींनी सही केली. सवयीने अंगठाही पुढे केला होता. "तो नको," मॅडम घाईघाईने म्हणाल्या.

भत्ता जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर आला त्या संध्याकाळी बायकोने स्वतः दिराला फोन लावला. "भाऊजी, खोली भाड्याने देऊन टाका. चांगला रंग दिलाय, लगेच जाईल." मग तिने भाजीला जरा जास्तच तेल घातले.

शेठचे गिऱ्हाईक अजून यायचेच होते. सकाळी मिस्त्री फाटकापर्यंत गेले आणि रस्त्याच्या बाजूला उभे राहिले. हात पुसत रखवालदार आतून आला. त्याला चाकाची भीती वाटे, पण मिस्त्रींनी फोनवर शिकवून शिकवून त्याला तयार केले होते.

"फिरवलं."

"कालच्या जागेवरून पुढे आलं?"

"आलं असेल."

"असेल म्हणजे? खडूची खूण कुठे आहे? वर की खाली?"

"ते नाही बघितलं."

"बघून ये."

"मिस्त्री, रोज काय परीक्षा घेता? विकायचंच आहे ना ते?"

"बघून ये म्हणतो ना!"

रखवालदार पुटपुटत वळला. मिस्त्री फाटकाचे गज धरून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे मान उंचावून पाहू लागले. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे त्यांनी हात मागे घेतले आणि खिशात घातले. आवार म्हणजे नक्की कुठून सुरू होते, हे मॅडमना विचारायचे राहूनच गेले होते.