लेकीसाठी राखलेलं काउंटर

काउंटरवाले काका एखाद्या दुकानासमोर दोन मिनिटं जास्त रेंगाळले, की मालक हातातलं काम टाकून दारात यायचा. "आमचं झकास चाललंय हं, तुम्ही पुढे व्हा!" काकांना राग येत नसे. धंदाच तसा होता. बंद पडलेल्या दुकानातली कपाटं, फळ्या, आरसे, काउंटर उचलायचं आणि नवं दुकान थाटणाऱ्याला विकायचं. एवढ्या मोठ्या शहरात रोज कुणाचं तरी दुकान मिटायचं, रोज कुणाचं तरी उघडायचं, आणि मधल्या मधे काकांची चूल पेटायची.

त्यांच्या डोक्यातलं शहर मात्र कधी बदललंच नाही. रस्ता विचारणाऱ्याला ते खुशाल सांगत, "टोपीवाल्याच्या दुकानावरून डावीकडे." तिथे आता मोबाइल विकले जात.

"अहो, तो बिचारा दिवसभर टोप्या शोधत फिरेल," काकू म्हणायच्या.

पण काका तरी काय करणार? छत्रीच्या दुकानातला कोऱ्या कापडाचा वास, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे एकाच वेळी बडबडणारी चार स्टेशनं, हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी स्क्रू काढून टेम्पोत चढवलं होतं. मालकाच्या डोळ्यांदेखत मात्र पहिला स्क्रू त्यांनी कधी काढला नाही. "जरा चहा घेऊन या," म्हणून त्याला बाहेर पिटाळायचे. कारण एकदा त्यांच्याही दुकानात असाच एक माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता.

ते दुकान बटणांचं होतं. बटणं, दोरे, लेस, चेन. जागा टीचभर, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड सागवानी काउंटर; काका स्वतः त्यावरूनच चढून पलीकडे उतरत. गिऱ्हाइकांच्या कोपरांनी त्याला अशी चकाकी आली होती, की तशी पॉलिशवाल्याच्या बापालाही जमली नसती. पुढे शेजारी भलंमोठं दुकान आलं, तिथे बटणांपासून बादल्यांपर्यंत सगळं मिळू लागलं, आणि काकांनी गाशा गुंडाळला. आलेल्या माणसाला कपाटं दिली, काउंटर दिलं नाही. मग पोटासाठी त्याच माणसाच्या हाताखाली लागले आणि त्याच्यामागे धंदा सांभाळला. काउंटर गोदामाच्या कोपऱ्यात चादर पांघरून पडून राहिलं. कुणी विचारलं, की काका म्हणत, "ते लेकीचं आहे."

आणि लेकीने खरंच नोकरी सोडून लोकरीचं दुकान काढायचं ठरवलं, तेही रेडिओवाल्याच्या जुन्या जागेत! काकांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी चादर काढली, काउंटर तेलाने पुसलं, जागेची मापं घेऊन आले.

"बाबा, मला काउंटर नकोय," लेक म्हणाली.

"अगं, मग गिऱ्हाईक उभं कुठे राहणार?"

"कुठेही. आत येईल, लोकर हातात घेईल, वाटलं तर बसेल."

"आणि तू?"

"मी पण तिथेच."

"हे दुकान आहे की वेटिंग रूम?"

काकांनी लेकीशी अबोला धरला. जेवताना काकूंपुढे तेवढी कुरकुर चालायची. शेवटी काकूच वैतागल्या. "घोडं कुठे पेंड खातंय ते तिलाच जाऊन विचारा ना. माझं डोकं का खाताय?"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काका गेले. लेक शिडीवर चढून लोकरीचे गुंडे लावत होती. काकांनी सरळच विचारलं, "माझ्या काउंटरची लाज वाटते का तुला?"

ती खाली उतरली. "लाज कसली, बाबा? मी शाळेतून आले, की तुम्ही काय म्हणायचात?"

"काय?"

"तिकडेच थांब, गिऱ्हाईक आहे. मी पायरीवर बसून अभ्यास करायचे. तुमच्याकडे यायला वाटच नव्हती. एकदा मला ताप होता. तुम्ही पलीकडून हात लांबवलात, तो पोचेना. मग मीच टाचा उंचावून कपाळ पुढे केलं."

काकांना ते दुकान इंच न इंच आठवत होतं, पण सगळं आतून. पायरीवरून ते कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. काही तरी बोलावं म्हणून त्यांनी लोकरीचा एक गुंडा उचलला आणि म्हणाले, "मऊ आहे." मग शिडी धरून उभे राहिले.

उद्घाटनाला ते आले. कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना, म्हणून लेकीने त्यांना आपल्या शेजारी स्टुलावर बसवलं. संध्याकाळपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एक तरुण जोडपं गोदामात आलं. त्यांना बुटांचं दुकान काढायचं होतं. काकांनी स्वतःच चादर ओढली. नवरा काउंटरवरून हात फिरवत राहिला आणि बायको त्यांच्या चिमुरडीच्या मागे धावत राहिली.

"दोन दिवसांनी न्या," काका म्हणाले.

काकू डबा घेऊन आल्या तेव्हा काका सागवानावर करवत चालवत होते. "अहो! वेड लागलं का तुम्हाला?"

"थांब गं. सरळ कापू दे."

कापलेल्या तुकड्याला त्यांनी बिजागऱ्या लावल्या आणि काउंटरमध्येच त्याचं बुटकं दार केलं. कुसळ लागू नये म्हणून कडा घासघासून गुळगुळीत केल्या. जोडपं न्यायला आलं, तेव्हा चिमुरडी ते दार ढकलून आत गेली, बाहेर आली, परत आत गेली.

"हे मागच्या वेळी नव्हतं," नवरा म्हणाला.

"नव्हतं," काका म्हणाले. "राहून गेलं होतं."