सैल बेल्टवरची सहा गाणी

आमच्या घरातला कॅसेट डेक हळू चालतो, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. तोपर्यंत त्याच डेकवर मी सहा गाण्यांचा आल्बम रेकॉर्ड करून मोकळा झालो होतो.

आमची वस्ती कोपरला, खाडीच्या बाजूला. वडील खाडीत जाळं लावायचे, आई डोंबिवलीच्या बाजारात म्हावरं विकायची. मामाची बँजो पार्टी होती. हळद असो, साखरपुडा असो, गणपती असोत, आसपासच्या गावांत मामाचा बँजो वाजायचाच. ऐंशीच्या दशकात त्याने पार्टीसाठी कल्याणहून एक सेकंडहँड सिंथेसायझर आणला. मी तेव्हा शाळेत होतो. पार्टीचं सामान आमच्याच पडवीत असायचं, त्यामुळे शाळेतून आलो की मी त्या सिंथवर बसायचो. त्यात रिदमचं एक बटण होतं, ते दाबलं की डबा आतल्या आत ताल धरायचा. खालच्या पट्ट्यांतून असा जाड, गुरगुरणारा आवाज निघायचा की शेजारच्या घरातली भांडी थरथरायची. आई म्हणायची, "बंद कर ती पिठाची गिरण."

त्या काळातली इंग्रजी-हिंदी सिंथवाली गाणी कुणाकुणाच्या उसन्या आणलेल्या कॅसेटवर आमच्या डेकवर वाजायची आणि मी ती ऐकत मोठा झालो. मला त्यातलं काय आवडायचं, ते नीट सांगता यायचं नाही. ती गाणी जड पावलांनी, सावकाश यायची. गाणारे पोक्त, भारदस्त वाटायचे. पेट्रोल पंपाच्या निळ्या दिव्याचा उजेड रिकाम्या रस्त्यावर पडलेला असतो, तसं काहीतरी.

पुढे ठाण्याला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून सुरुवातीची दोन वर्षं मी वर्गात बोलायचो कमी आणि ऐकायचो जास्त. पण एका गोष्टीबद्दल माझी खात्री होती. नव्वदच्या दशकात सगळे नव्या चकचकीत आवाजांच्या मागे लागले होते आणि मला मात्र लहानपणीच्या त्या आवाजात पूर्ण आल्बम करायचा होता, आपल्या भाषेत. गाणी मी लिहिली होती. एक पेट्रोल पंपाच्या दिव्यावर, एक भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या पायवाटेवर, एक प्रॅक्टिकलला शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीवर. हे तिसरं कुणावर आहे ते माझ्या बहिणीने पहिल्याच ओळीला ओळखलं.

"नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"बरं, नको सांगू. पण हे गाणं मी गायचं? मुलगी होऊन मुलीवर?"

"तुझा आवाज चांगला आहे म्हणून."

"मग असं सांग ना. गाते."

बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि उन्हाळ्यात हळद होती. त्याच सुमाराला मामानेही जाहीर केलं की लग्नांच्या हंगामाच्या आधी सिंथ कल्याणच्या दुकानात देऊन नवा कीबोर्ड घ्यायचा. "पोऱ्या, हा डबा आता म्हातारा झाला. हळदीत लोकं हसतात." मी गयावया केली, तेव्हा त्याने परीक्षेनंतरचे काही दिवस दिले. त्या दिवसांत दुपारी, खाटेवर डेक आणि पार्टीचा छोटा मिक्सर ठेवून, एका हाताने खालचे सूर, दुसऱ्याने वरचे, आणि समोर माइक धरून बसलेली बहीण, अशी आम्ही सहा गाणी भरली. मधेच कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं गाणं भरून झालं त्याच आठवड्यात सिंथ कल्याणला गेला. मला वाईट वाटलं नाही. जे हवं होतं ते कॅसेटमध्ये होतं.

ती कॅसेट मी नौपाड्याला मित्राकडे नेली. कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात गाणी कोणती घ्यायची हे ज्या मंडळींच्या हातात होतं, त्यांत तो होता. त्याच्याकडे चांगला डेक होता. त्याने कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

गाणं पळत होतं. पेट्रोल पंपाचा दिवा टुणटुण उड्या मारत होता. माझ्या बहिणीच्या आवाजात कुणीतरी दहा वर्षांची मुलगी घाईघाईने गात होती. आतून मित्राची आई आली. "अगंबाई, गोड आहे. बालवाडीचं गॅदरिंग आहे का?"

मित्र हसून लोळला. मग माझ्याकडे बघून थांबला. "अरे, वाईट नाहीये. नाचायला मस्त आहे. असंच ठेव."

"हे असं नाहीये," एवढंच मी म्हणालो.

मग त्याने त्याच्याकडची एक जुनी कॅसेट लावली, मी लहानपणापासून ऐकत आलेलं गाणं. तेही पळत होतं. मी त्याला विचारलं, तुझा डेक फास्ट आहे का? तो म्हणाला, आत्ताच सर्व्हिसिंग करून आणलाय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळू चालणाऱ्या डेकवर भरलेलं गाणं त्याच डेकवर बरोबर वाजतं, पण नीट चालणाऱ्या डेकवर ते पळतं आणि आवाज वर चढतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मी इतकी वर्षं ज्या सावकाश, भारदस्त गाण्यांवर जीव टाकला होता, ती तशी नव्हतीच. ती फक्त आमच्या पडवीत तशी वाजायची.

पण का कोण जाणे, लाज वाटली नाही. मला जो आवाज हवा होता तो खोट्या वेगातून आला होता, पण हवा होता तो तोच. आणि उपाय सोपा होता. आपली कॅसेट आपल्या डेकवर वाजवायची, वायर लावून मित्राच्या डेकवर दुसरी प्रत उतरवायची. ती मग कुठेही बरोबर वाजेल.

"उद्या तुझा डेक घेऊन कोपरला ये," मी त्याला म्हणालो. तोही चकित झाला, कारण मी त्याला कधी काही करायला सांगत नसे.

घरी पोचलो तर मामा पडवीत डेकसमोर खुशीत बसला होता.

"पोऱ्या, बघ. नवा बेल्ट टाकून आणला. जुना कसला सैल झाला होता, नुसता लोंबत होता! आपल्या बायच्या हळदीला कॅसेट नीट नको वाजायला?"

सिंथ गेला होता, नव्या कीबोर्डात तो आवाज नव्हता, आणि आता सगळ्या जगात तो वेग असलेला एकमेव डेकही दुरुस्त झाला होता.

"जुना बेल्ट कुठंय?"

"त्या मेकॅनिकने फेकला. का? काय झालं? आरती करायची होती त्याची?"

मी त्याला सगळं सांगितलं. मामाने डेक फिरवून त्याची पाठ बघितली. मग म्हणाला, "च्यायला. मी चांगलं करायला गेलो रे."

"मोटरला मागे वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असतो," मी म्हणालो. हे मी कुठेतरी वाचलं होतं, केलेलं कधी नव्हतं. पण बोलल्यावर आवाज ठाम निघाला, म्हणून मीच त्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मित्र डेक घेऊन आला. आम्ही आमच्या डेकचं मागचं झाकण काढलं. मोटरच्या पाठीला खरंच एक बारीक भोक होतं आणि आत स्क्रू. प्रश्न एवढाच होता की किती फिरवायचा. बहीण कायम काळी चार पट्टीतच गायची, तेच तिचं घर. टेप त्या सुराला आली की वेग बरोबर, म्हणून मामाने बँजो मांडीवर घेतला आणि तो सूर छेडत राहिला. बहीण डेकजवळ येऊन बसली. दोन दिवसांवर हळद असल्यामुळे तिला अंगणाबाहेर जायची बंदी होती, त्यामुळे तिला वेळच वेळ होता. मी कॅसेट लावली, पातळ स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि फिरवू लागलो. टेपमधली छोटी मुलगी हळूहळू मोठी व्हायला लागली.

"अजून खाली," मामा म्हणाला.

"अजून."

"आता जास्त झालं, म्हातारी झाली!" बहीण ओरडली. "मला सासरी जायचंय रे, स्मशानात नाही!"

मी जरासा मागे घेतला. मग तिने टेपबरोबर गायला सुरुवात केली, स्वतःच्याच आवाजाला आवाज लावून. आधी दोन आवाज ऐकू येत होते, एकमेकांना घासणारे. मी केसभर फिरवला. मग एकच ऐकू यायला लागला. मामाने बँजोवरून हात उचलला आणि मान हलवली. मित्राने आमची कॅसेट पहिल्यापासून लावून त्याच्या डेकचं रेकॉर्डचं बटण दाबलं.

पूर्ण प्रत उतरेपर्यंत मी स्क्रूड्रायव्हर हातातच धरून होतो. संपल्यावर मामा म्हणाला, "आता चढव परत वर. हळदीला ही चाल चालायची नाय. बायका मारतील मला." मी चढवला.

लग्न झालं, बहीण सासरी गेली. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर वार्षिक कार्यक्रमाची मंडळी एका रिकाम्या वर्गात जमली आणि मित्राने ती कॅसेट लावली. कुणी कुजबुजलं, कुणी बाकावर बोटांनी ताल धरला. पहिलं गाणं संपल्यावर एम.एस्सी.चा एक मुलगा म्हणाला, "आवाज भारी आहे. कुठल्या जुन्या बँडचं आहे हे?"

"आमचं आहे," मी म्हणालो. "माझं आणि माझ्या बहिणीचं."

"अच्छा! बरं, जरा स्पीड वाढवता येईल का? आजकाल एवढं स्लो कोण ऐकतं? पब्लिक झोपेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी मी नेहमी "बघतो" म्हणायचो.

"नाही," मी म्हणालो. "वेग हाच आहे."

तो खांदे उडवून हसला. "मग ह्यातलं दुसरं लाव." मित्राने टेप थोडी पुढे नेली आणि मी माझ्या जागेवर बसून, पहिल्यांदाच इतक्या लोकांबरोबर, माझ्या बहिणीचं गाणं ऐकायला लागलो.