हमूदबाबांचा कहवा

आखातात वीसेक वर्षं काढली की घरात दोन गोष्टी साठतात, कपाटावरच्या बॅगा आणि किस्से. बॅगा निदान सुट्टीला जाताना खाली उतरतात, किस्से कुठे नेऊन ठेवायचे? त्यातून माझी नोकरी वकिलाच्या ऑफिसात! मस्कतच्या रुवी भागात, मनी एक्सचेंजच्या वर दुसऱ्या मजल्यावर. मालकीण झुवैनाबाई, अस्सल ओमानी, पन्नाशीच्या. कोर्टात उभं राहायचं त्यांनी आणि अशिलांच्या मराठी-हिंदीचं अरबी करून द्यायचं मी. 'बाई' हे मीच पाडलेलं नाव, आता आमचा केरळी क्लार्कसुद्धा त्यांना बाईच म्हणतो.

आमच्याकडे येणारी माणसं काही धुतल्या तांदळासारखी नसतात. गुन्हा शाबीत झालेला असतो, शिक्षा लागलेली असते. शिक्षा काय हो, भोगून होते. पण परदेशी माणसाच्या निकालात पुष्कळदा शेवटी एक ओळ असते, 'देशाबाहेर काढावे'. त्या एका ओळीत नोकरी जाते, बायकोचा व्हिसा जातो, पोरांची शाळा जाते. अपिलात ती ओळ खोडून आणायची, हे बाईंचं काम. त्या ते कसं करतात हे इतकी वर्षं शेजारी बसूनही मला धड सांगता येणार नाही!

*

एकदा सोलापूरकडचा एक टाइल्सवाला आला. भांडणात रूममेटच्या डोक्यात कुकरचं झाकण घातलं होतं. बाई अपिलाचं बोलायला लागल्या तर हा हात जोडून म्हणतो, "नको मॅडम! जाऊ द्या मला. दोन वर्षं झाली, अर्बाब सुट्टी देत न्हाई. हाकलून दिलं तर फुकटात गावाला तरी जाईन!"

मी अरबीत सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला विचार, परत कधी यायचंय?"

"दिवाळी झाली की लगेच!" गडी एकदम खूश.

मग मी त्याला समजावलं, की बाबा रे, या तिकिटाला रिटर्न नसतं. त्याचं तोंड असं उतरलं म्हणता! "मग थांबवा की ओ! आधी सांगायचं न्हाई व्हय!"

बाईंनी अपील जिंकलं आणि वर अर्बाबाला, म्हणजे त्याच्या मालकाला, फोन करून त्याची सुट्टीही मंजूर करून घेतली. दिवाळी झाल्यावर तो शेंगदाण्याची चटणी घेऊन हजर!

*

बाई प्रत्येक अशिलाला पहिला प्रश्न एकच विचारतात. गुन्ह्याबद्दल नाही. "तुझ्या घरात सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं?" मला सुरुवातीला वाटायचं, झालं, आता ही बाई योगासनं शिकवणार!

एक शिंदे म्हणून होते, गाडीच्या अपघातात दोषी ठरलेले. ते म्हणाले, "मीच उठतो. बायकोला नर्सची ड्यूटी, मुलीचा डबा मी करतो." बाईंनी अपिलात बाकी सगळं थोडक्यात आटोपलं आणि म्हणाल्या, "हा माणूस गेला तर उद्या सकाळी त्या मुलीचा डबा कोण करणार?"

जजसाहेबांनी शिंद्यांनाच विचारलं, "डब्याला काय करतोस?"

"थालीपीठ, साहेब."

कोर्टाचा दुभाषा अडकला! त्याने माझ्याकडे पाहिलं. परवानगी घेऊन मी उभी राहिले आणि सांगितलं, की चार-पाच पिठांची भाकरी, कांदा घातलेली, आणि मधे भोक.

"भोक कशाला?" साहेबांचा प्रश्न.

"तेल सोडायला, साहेब. नाहीतर मधे कच्चं राहतं." हे शिंद्यांनी इतकं कळकळीने सांगितलं की साहेब हसले. निकालात शिक्षा कायम राहिली, पण ती ओळ गेली.

*

पुण्याचे एक गृहस्थ मेव्हण्याची केस घेऊन आले. बसल्या बसल्या सुरू, "आमच्या कंपनीच्या चेअरमनची फार वर ओळख आहे. मोठमोठ्या लोकांत ऊठबस आहे."

बाई म्हणाल्या, "माशाल्ला! मग त्यांनाच उभं करा."

नंतर अर्धा तास गृहस्थांनी फक्त विचारलेल्याचीच उत्तरं दिली. पुण्याचा माणूस इतका वेळ गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मी स्वतः पुण्याची आहे!

*

आता सावंतांचं सांगते. सावंत मूळचे कुडाळचे, वादी कबीरला एका गॅरेजात सुपरवायझर. माणूस कामाला वाघ, पण डोकं गरम. हमूद नावाचे एक म्हातारे ओमानी बाबा आपला पिकअप घेऊन सारखे यायचे, अजून आवाज येतो म्हणायचे. एक दिवस सावंतांची सटकली आणि त्यांनी बाबांना चारचौघांत ढकललं. बाबा पडले, मनगट मोडलं. कोर्टाने शिक्षा दिली, आणि शेवटी ती ओळ.

त्यांची बायको, सुनंदावहिनी, मुलीला घेऊन ऑफिसात आल्या. मुलगी बारावीला, इथेच जन्मलेली. ती मला विचारते, "काकू, कुडाळला आम्ही... आय मीन, तिथे माझं कोण आहे?"

बाई मला घेऊन कोठडीत सावंतांना भेटल्या. ठरलेला प्रश्न. सावंत खाली मान घालून म्हणाले, "बायको उठते. मी मेलो उशिरा उठतो."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, या उत्तराचा काय उपयोग?"

"आहे ना. हा खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "पण याचं काम कोर्टात होणार नाही. हमूदच्या घरी होईल." हमूदबाबांनी तनाझुल, म्हणजे तक्रारदाराची लेखी माफी दिली, तरच अपिलात आशा होती.

*

मग सुरू झाल्या आमच्या फेऱ्या. वादी अदाईवरून आमेरात, आणि त्याच्याही पुढे डोंगरात हमूदबाबांचं गाव. आमचे ड्रायव्हर तांडेलकाका मालवणचे. बाई जायच्या, बैठकीत बसायच्या, बकऱ्यांची चौकशी, खजुराची चौकशी, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं त्याची चौकशी. मग "यल्ला, निघतो!" केसचं अवाक्षर नाही!

दुसऱ्या फेरीनंतर तांडेलकाकांना राहवेना. गाडीत मला हळूच म्हणतात, "गे बाय, ही वकील आसा काय पावणी?"

बाईंना मराठी येत नाही, पण रोख कळला. म्हणाल्या, "त्याचं मनगट कधीच जुळलंय. चारचौघांत पडला ते अजून दुखतंय. त्यावर वकील काय बोलणार? पुढच्या वेळी सावंतची बायको बोलेल."

*

आणि ती पुढची वेळ नेमकी आली हरतालिकेला!

सुनंदावहिनींची निर्जळी. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, वर ते मस्कतचं ऊन. आम्हांला त्यांनी यातलं काही सांगितलंच नव्हतं. बाईंनी गाडीत बजावलं होतं, "देतील ते घ्यायचं, नको म्हणायचं नाही." वहिनींनी मान डोलावली होती.

हमूदबाबांनी स्वतः कहवा, ती वेलची घातलेली कोरी कॉफी, ओतला आणि फिंजान, म्हणजे त्यांचा तो बिनकानाचा चिमुकला कप, वहिनींपुढे धरला. वहिनींनी दोन्ही हातांनी घेतला. आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवून दिला!

यजमानाचा कहवा नाकारला! गेली केस! बाबांनी कहव्याची किटली खाली ठेवली. बाईसुद्धा हलेनात. शेवटी बाबा बाईंना म्हणाले, "हे तिला तू शिकवलंस?"

"अल्लाशप्पथ, नाही."

"माझ्या बापाच्या वेळी मोठं मागणं घेऊन कोणी आला, तर तो कप असाच खाली ठेवायचा. शब्द मिळाल्याशिवाय प्यायचा नाही. माझ्या मुलांनासुद्धा हे माहीत नाही. हिला कोणी सांगितलं?"

मी हळूच वहिनींना विचारलं, "अहो, घेत का नाही?"

"आज हरतालिका ना! पाणीसुद्धा चालत नाही."

आता आली का पंचाईत! बाबा जे समजले ते तसंच राहू द्यावं, तर केस जिंकलीच होती. मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "काय म्हणाली ते सगळं सांग. खरं सांग."

सांगितलं. आज नवऱ्यासाठी उपास आहे, उद्या सकाळपर्यंत पाणीही नाही. आमच्यात बायका करतात.

बाबांचे डोळे मोठे झाले. "नवऱ्यासाठी? मला ढकललं त्या माणसासाठी?"

वहिनी म्हणाल्या, "हो बाबा. त्यांचं चुकलंच. मी तिथे असते तर मीच चार शब्द सुनावले असते. पण नवरा आहे तो एकच, दुसरा कुठून आणू? आम्हांला इथून काढू नका."

मी शब्दन् शब्दाचं अरबी केलं. 'दुसरा कुठून आणू'ला बाबा जे हसायला लागले ते डोळे पुसेपर्यंत! मग उठले, वहिनींपुढचा कप स्वतः उचलला आणि म्हणाले, "तिला सांग, मागितलंस ते दिलं. उद्या सकाळी ऑफिसात येतो. कहवा मी आणीन."

सावंत आजही वादी कबीरलाच आहेत, त्याच गॅरेजात, जरा थंड डोक्याने. पण किस्सा तो नव्हे. किस्सा त्या सकाळचा.

हमूदबाबा आले ते भला मोठा थर्मास घेऊन! आधी तनाझुलवर सही केली, मग फिंजान भरून वहिनींपुढे धरला. वहिनींनी उपास सोडला तो त्या कहव्यावर. कप रिकामा झाला, बाबांनी पुन्हा भरला. वहिनी प्यायल्या. पुन्हा भरला. आता, पुरे झालं की कप हातात जरा हलवायचा असतो, नाहीतर यजमान ओततच राहतो. वहिनींना ते ठाऊक नाही. त्यांना वाटतंय, वडीलधाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं? आणि बाबांना वाटतंय, पोरगी कालची तहानलेली आहे! वहिनींच्या डोळ्यांतून पाणी चाललंय, त्या पितायत आणि बाबा ओततायत.

मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"गप्प बस, वैशाली," त्या म्हणाल्या, "थर्मासात अजून आहे."