‘र’च्या मशीनवर कोण?

सिल्वासाच्या एका मराठी शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे, आणि त्या वर्गात बरेच दिवस मी रोज बकरी होत असे. चारही पायांवर, साडी खोचून.

कारण होतं ‘चर’ हा शब्द. सारख्या अक्षरावर संपणारे छोटे शब्द एकत्र शिकवायचे, म्हणजे एक वाचता आला की त्याची भावंडंही येतात, असा माझा बेत होता. कर, घर, चर, भर, सर. साहित्य फुकटचं. आमच्या मुलांचे आईबाप खडोलीकडच्या धाग्याच्या कंपन्यांत कामाला, त्यामुळे सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या घरोघरी पडलेल्या. एका नळीवर मी ठळक ‘र’ लिहिला. त्याच्या डावीकडे कागदाचं कडं चढवलं आणि कड्यावर बाकीची अक्षरं लिहिली. कडं फिरवलं की ‘र’शेजारी नवं अक्षर आणि नवा शब्द.

एवढ्यावर थांबायला मी काय दगड आहे? ‘घर’ला मी डोक्यावर हातांचं छप्पर केलं, ‘भर’ला अदृश्य बादली भरली, ‘चर’ला बकरी झाले. वर्ग छप्पर फाडून ओरडे. एकदा मुख्याध्यापक दारात आले आणि मला जमिनीवर पाहून म्हणाले, “बाई, तब्येत बरी आहे ना?”

“वाचन चाललंय, सर!” मी खालूनच म्हणाले.

वाचन चाललेलं नव्हतं. हे मला एका गुरुवारी कळलं, आणि सांगितलं एका वडिलांनी. धुळ्याकडचे गृहस्थ, कंपनीत मशीनवर. बायकोही त्याच कंपनीत पॅकिंगला. गुरुवारी त्यांची सुट्टी. माझ्या वर्गात सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडणारी मुलगी ही यांचीच.

“मॅडम, तुम्ही वाचायला शिकवता का नाटक?” आल्या आल्या प्रश्न. “काल घरी फरशीवर ‘भर’ लिहिलं. पोरगी म्हणे, ‘कर.’ मी म्हटलं, नीट पाहा. तर म्हणे, ‘बाईंसारखं करून दाखवा, मग सांगते.’”

मी हसले, पण ते हसले नाहीत. “दोघं ड्युटीवर असतो. हिला इथे ठेवायचं ते शाळेसाठी. शाळेत नुसती गाणी म्हणायची असतील तर गावी माझ्या आईजवळ ठेवतो. तीही म्हणतेय, आणून सोड.”

मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती.

“पुढच्या गुरुवारपर्यंत थांबा,” मी म्हणाले. एका आठवड्यात काय करणार होते, देव जाणे.

ते गेल्यावर मी नळी हातात घेतली, हात स्थिर ठेवले आणि कडं उलट्या बाजूने फिरवलं. ‘सर’ समोर आलं. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “कर!” म्हणजे इतके दिवस ही मुलं अक्षरं नव्हे, मला वाचत होती. आणि मी रोज ‘कर’पासून त्याच क्रमाने वाचून घेत होते.

मग मी स्वतःला शिक्षा दिली. हाताची घडी, खुर्चीवर बूड, अभिनय बंद. सांगते, बाळंतपण सोपं! ‘चर’ आलं की गुडघे आपोआप वाकायला बघायचे. दोन दिवस वर्गात शांतता आणि जांभया.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीने नळी मागून घेतली. कडं पुढे फिरवलं, मागे फिरवलं, बोट ‘र’वर ठेवलं.

“बाई, हा घरी जात नाही का?”

“नाही. तो तिथेच.”

“मंग हा मशीन हाये,” ती म्हणाली. “आणि हे रिलीव्हर. एक आला की दुसरा घरी जातो. मशीन बंद नाही करायचं.”

रिलीव्हर म्हणजे पाळी संपल्यावर जागा घ्यायला येणारा माणूस. तो आला नाही तर पप्पा घरी येत नाहीत, हे माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला मी सांगायची गरज नव्हती. सगळे नळीवर तुटून पडले. “र च्या मशीनवर कोण आला?” “घ आला!” “मग काय निघालं?” “घर!” दुसऱ्या दिवशी त्यांनीच ‘ळ’चं मशीन चालू केलं. फळ, मळ, नळ, बळ. कोणत्याही क्रमाने. मी खुर्चीत बसून होते. बेरोजगार आणि बेहद्द खूश.

गुरुवारी वडील आले. मी नळी पुढे केली.

“ती नको. आणि मॅडम, तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा.”

मी, या शाळेची सर्वांत मोठी नटी, पोपडे आलेल्या भिंतीकडे बघत उभी राहिले. मागे फळ्यावर खडू वाजला.

“नळ,” मुलीचा आवाज.

पुन्हा खडू. “भर.”

पुन्हा. “रस.” मी दचकले. ‘स’चं मशीन वर्गात कधी चाललंच नव्हतं!

मग पुन्हा खडू वाजला.

“वाच,” वडील तिला अहिराणीत म्हणाले. “हाई काय शे?”

“झ...स. झस.”

गेलं, मी मनात म्हटलं. असला शब्द कुठे असतो?

“पप्पा,” मुलगी म्हणाली, “झस असं काही नसतंच. तुम्ही चुकलात.”

मी गर्रकन वळले. फळ्यावर खरंच ‘झस’ लिहिलेलं होतं, त्यांनी मुद्दाम. पाठ केलेल्या पोरीला ते कधीच वाचता आलं नसतं. वडील खडूच्या हातानेच डोळे पुसत हसत होते, गाल पांढरे झालेले.

त्यांनी लगेच फोन काढला, गावी लावला. स्पीकर चालू.

“माय, पोर गावले येवाव नही. ती वाचाले लागनी.” म्हणजे पोर आता गावी जाणार नव्हती.

पलीकडून आजीचा खणखणीत आवाज वर्गभर घुमला, “मंग आते तू बी तिनापाशी शिकी ले!”

पप्पांनीच पोरीकडून शिकायचं म्हटल्यावर अख्खी पहिली खदखदून हसली. मी टाळ्या वाजवल्या, आणि आठवड्याभराची थकबाकी एकदम वसूल करत टेबलावर चढून वाकून मुजरा केला. मुजरा अर्थातच त्या मुलीला.