अंजूरचा ओटा आणि सुलभाताई

ॲड. सुलभाताई गायकवाड यांची आणि माझी ओळख भिवंडीच्या धामणकर नाक्यावर झाली, तीही भांडणाने. मी तेव्हा शेअर रिक्षा चालवत होतो. त्याआधी मानकोलीला गोदामात होतो, त्याआधी एका बोटीवर, ते असो. मी तिसऱ्या सीटची वाट बघत होतो. मागे बसलेल्या ताई म्हणाल्या, "कोर्ट तुझ्या तिसऱ्या सीटसाठी थांबणार आहे का रे?" मी म्हणालो, "कोर्टाला कुठे घाई असते, मॅडम?" त्या हसल्या नाहीत. संध्याकाळी मात्र माझीच रिक्षा शोधून बसल्या. तेव्हापासून मी त्यांच्या ऑफिसात आहे. मधेच निघून जातो, परत येतो. कुठे होतास, असं ताईंनी एकदाही विचारलेलं नाही.

ताईंकडे गोदामांची प्रकरणं जास्त. उच्च न्यायालयाचा एक निकाल म्हणतो, नुसत्या ग्रामपंचायतीच्या कागदावर गोदाम कायदेशीर होत नाही. दुसरा म्हणतो, मालकाचं ऐकल्याशिवाय तोडू नका. दोन्ही बरोबर, आणि दोन्हींच्या मधे आमची भिवंडी. निकाल आला की भाडेकरू कंपनी मालकाला विचारते, मालक दलालाला, दलाल व्हॉट्सॲपला. वकिलाकडे सगळ्यात शेवटी. ताई अख्खा निकाल मराठीत समजावल्याशिवाय पक्षकाराची सही घेत नाहीत. पक्षकार जांभया देतात, मीही देतो. आता दावे ऑनलाइन भरायचे, तर या वयात त्या स्कॅनरशी झुंजतात. पान वाकडं आलं की पुन्हा. माझं डोकं फिरतं.

पण खरा वैताग अंजूर गावचा. तिथल्या जनाबाई भोईर विधवा. सासऱ्यांच्या जमिनीवरचं एक गोदाम, त्यावर घर चालतं. ते पाडायची नोटीस आली. ताईंनी उच्च न्यायालयात अर्ज केला. सोमवारी सुनावणी, म्हणून शनिवारी आम्ही फोटो काढायला गेलो. बघतो तर शटरसमोर, रस्त्याच्या कडेला, ताजा सिमेंटचा ओटा. त्यावर गावदेवी, हार, घंटा. बुलडोझरची कुणकुण लागली की आमच्याकडे असा देव बसतोच.

जनाबाईंचे दीर खुशीत होते. "आता तोडा म्हणावं. देवीला हात लावायची कोणाची हिंमत हाय?"

ताईंनी कपाळ धरलं. "भाऊ, रस्ता मोकळा आहे असं मी अर्जात लिहिलंय. रस्त्यातल्या देवळांवर कोर्ट आधीच चिडलेलं आहे."

"तुम्ही बुद्धाच्या. तुम्हाला आमच्या देवीचं काय?"

मी म्हणालो, "ताई, चला. मरू दे यांचं गोदाम."

ताई हलल्या नाहीत. "मी मानत नाही, खरं आहे. म्हणूनच मी हात लावणार नाही. पण कोर्टात खोटंही सांगणार नाही. ओटा राहिला तर सोमवारी मी उभी राहणार नाही." एवढं बोलून त्या उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मी तीन चहा प्यालो. त्या बसूनच.

शेवटी जनाबाई पुढे आल्या. "भावजी, देवीला धुळीत बसवलीत. ट्रकचा धूर खाते बिचारी. आपल्या घरात जागा न्हाय काय तिला?" त्यांनी मूर्ती पदरात घेतली आणि घराकडे चालू लागल्या. दिरांनीच मग घण आणला. ओटा फोडेपर्यंत ते आम्हाला शिव्या देत होते.

सोमवारी कोर्टात समोरच्या वकिलांनी ओट्याचा फोटो बाहेर काढलाच. ताईंनी मोकळ्या रस्त्याचा रविवारचा फोटो पुढे केला. आधी जनाबाईंचं ऐका, तोवर तोडू नका, असा आदेश झाला. गोदाम अजून उभं आहे. टिकेल की नाही, ते सुनावणी झाल्यावर कळेल. आणि दीर आता नवीन काहीतरी डोक्यात घेऊन फिरताहेत.

ताईंना पंचाहत्तरावं लागलं, हे सांगायला गेलो तेव्हा जनाबाई म्हणाल्या, "बाईंना सांग, वेळेवर जेवत जा. आमच्यासाठी बोलणारं दुसरं कोणी न्हाय."

माझं मागणं त्याहून मोठं आहे. ताई, तुम्ही विनाकारण तारीख कधी मागत नाही. शंभरी गाठाल, तेव्हा मात्र आमच्यासाठी त्या वरच्या कोर्टाकडून एक तारीख मागून घ्या, लांबची. आणि तोवर ठणठणीत राहा.